वयाचा पुरावा

वकिली करणाऱ्या मनुष्यापुढे वयाचा तंटा नवा नसतो. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख आणि नोकरीच्या पुस्तकात दुसरी, असे दोन कागद घेऊन येणारे पक्षकार आमच्या हुमनाबादेस आठवड्यास दोघे-तिघे तरी भेटतात. बहुतेकांस आपले वय कमी करून हवे असते. परंतु सन २०१२ च्या सुमारास एक बाई आमच्या बैठकीत आल्या, त्यांची मागणी याच्या अगदी उलट होती. आपण वृद्ध आहोत, हे त्यांना सरकारदरबारी सिद्ध करावयाचे होते आणि ते काही केल्या सिद्ध होत नव्हते.

बाईंचे आयुष्य नाटक कंपनीत गेले होते. बिदर, गुलबर्गा, विजापूर या भागांत जत्रांमागून जत्रा करीत फिरणाऱ्या कन्नड कंपन्यांतून त्यांनी कामे केली. मध्यंतरी दोन वर्षे सोलापूरकडच्या एका मराठी मंडळीतही त्या होत्या. वृद्ध व निर्धन कलावंतांस कर्नाटक सरकारकडून मासाशन मिळते, त्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. शिधापत्रिकेवरचे वय आणि मतदारयादीतले वय यांत सहा वर्षांचे अंतर होते. ‘रझाकारांच्या धामधुमीत मी आईच्या पाठुंगळीस होते,’ एवढाच त्यांचा स्वतःचा हिशेब. म्हणजे १९४७ चा किंवा त्याच्या थोडा अलीकडे-पलीकडे जन्म. कलावंत असल्याचा पुरावा म्हणून त्यांनी एका जुन्या खणात बांधलेली हस्तपत्रके आणली होती. आम्ही ती एकेक उलगडून पाहू लागलो, तो १९७६ सालच्या एका हस्तपत्रकावर बाईंच्या नावापुढे मोठ्या टाइपात छापलेले आढळले: ‘अठरा वर्षांची नूतन नायिका’. या छापील पुराव्यावर विसंबावे, तर बाईंचा जन्म १९५८ चा ठरून मासाशनाच्या वयास त्या काही वर्षे उण्याच पडत होत्या.

आम्ही विचारले, ‘अक्का, हे वय कोणी घातले?’

बाई म्हणाल्या, ‘ते वय माझं नव्हतं, वकीलसाहेब. मालकांचं होतं.’

हे उत्तर ऐकले आणि आम्हांस एकाएकी एक तंबू आठवला. आमच्या गावी श्रीवीरभद्रेश्वराची जत्रा जानेवारीत भरते. रथ ओढून झाला की रात्री लोकांची पावले नाटकाच्या तंबूकडे वळत. सन १९९० च्या सुमारास, आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना, वडिलांच्या शेजारी सतरंजीवर बसून पाहिलेल्या एका खेळात याच बाई नायकाची आई झाल्या होत्या. केसांस पांढरी पूड, अंगावर पांढरे लुगडे, हाती काठी. नायक म्हणजे कंपनीचे मालक. मुलाच्या लग्नासाठी आई पदर पसरून रडते, हा प्रवेश आम्हांस अजून आठवतो. मालक बाईंहून सात-आठ वर्षांनी वडील होते, हे त्या दिवशी बैठकीत कळले. १९७६ साली जी बाई अठरा वर्षांची, ती १९९० साली पन्नाशीच्या नवरदेवाची माता! मधली चौदा वर्षे कोणत्या पंचांगाने मोजावीत? खेद एवढाच की तंबूत बसलेल्या आम्हा शेदोनशे माणसांपैकी कोणासही त्यात काही वावगे दिसले नव्हते.

त्या हस्तपत्रकांनी आम्हांस रंगभूमीच्या इतिहासाकडे वळविले. वकिलाची वाचनाची पद्धत थोडी निराळी असते. कोणत्या गोष्टीस कोणी, केव्हा आणि कोणत्या आधारावर परवानगी दिली, हे तो प्रथम पाहतो. त्या दृष्टीने मूळ आधार शोधू गेल्यास आमच्या परंपरेने स्त्रीस रंगभूमी नाकारलेली नाही. नाट्यशास्त्राच्या आरंभीच भरतमुनी ब्रह्मदेवास सांगतात की, कैशिकी वृत्ती केवळ पुरुषांकडून सिद्ध होणे शक्य नाही. आणि मग नाट्यासाठी अप्सरा निर्माण केल्या जातात. याच ग्रंथात भूमिकांचे प्रकार सांगितले आहेत. स्त्रीने स्त्रीची व पुरुषाने पुरुषाची भूमिका आपल्या वयास साजेशी करावी, ती अनुरूपा. बालकाने वृद्धाची किंवा वृद्धाने बालकाची घ्यावी, ती विरूपा. पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यावे किंवा स्त्रीने पुरुषाचे, तो तिसरा प्रकार. पतंजलीच्या महाभाष्यात ‘भ्रूकुंस’ हा शब्द येतो, तो स्त्रीवेष घेणाऱ्या नटाचाच. तात्पर्य, तिन्ही वाटा जुन्या आहेत. पुढे झाले ते एवढेच की यांतील काही वाटा पुरुषास मोकळ्या राहिल्या आणि स्त्रीच्या वाटेवर काटे पडले.

काटे कोणते, तेही धर्मशास्त्रात स्पष्ट आहे. परस्त्रीशी संभाषण करणाऱ्यास दंड सांगून मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात लगेच अपवाद केला आहे की, हा नियम चारणांच्या, म्हणजे नटगायकांच्या, स्त्रियांस लागू नाही. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर कुलस्त्रीस जे संरक्षण होते, त्यातून रंगभूमीशी संबंध असलेली स्त्री नावानिशी वगळली गेली. मग घरंदाज स्त्री रंगमंचावर कशास येईल? आणि आलीच तर घरंदाज कशी राहील?

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हा सीता पुरुषच होती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल पुण्यास रंगले, तेव्हाची शकुंतलाही तशीच. गोमंतकात व कोकणात देवळापुढे दशावतार खेळतात, त्यातील स्त्रीपात्रे बहुतांशी आजही पुरुष करतात, आणि ती पाहताना आपणांस काही कमी वाटत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हिराबाई पेडणेकर यांनी ‘दामिनी’ हे नाटक लिहिले व ते केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शाने १९१२ साली रंगभूमीवर आणले. स्त्रीने लिहिलेल्या त्या नाटकातील स्त्रियाही पुरुषांनीच सजविल्या. दादासाहेब फाळक्यांस १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांस लुगडे नेसविले गेले, आणि १९१७ सालच्या ‘लंकादहना’त तर राम व सीता या दोन्ही भूमिका याच गृहस्थांनी केल्या!

बालगंधर्वांविषयी लिहिताना लेखणी आपोआप नम्र होते. त्यांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १९११ साली ‘मानापमाना’तील भामिनी त्यांनी उभी केली, आणि पुढे सिंधूपर्यंत त्यांनी मराठी स्त्रीचे जे रूप घडविले, त्याचे अनुकरण घरोघरच्या सुवासिनी करीत. त्यांच्या योग्यतेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. आम्ही पाहतो ते फक्त तारखांकडे. १९३५ साली ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी एकनाथमहाराजांची भूमिका केली, आणि दोनच वर्षांनी, १९३७ साली, ‘साध्वी मीराबाई’मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात उभे राहिले. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. प्रेक्षकांनी त्या वयातही त्यांना मीरा मानले, कारण प्रेक्षकांच्या मनातील बालगंधर्वांस वयच नव्हते. हे एका थोर कलावंताचे भाग्य होय. पण एकोणपन्नास वर्षांच्या कोणत्या स्त्रीस आपण कधी मीरा मानले?

त्यानंतर त्यांच्या मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या आमच्याच मुलखाकडच्या, विजापूर भागातील बिळगीच्या. अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी. पुरुषाने घडविलेल्या नायिकेच्या जागी खरी स्त्री उभी राहिली, आणि रसिकांनी तिला त्या पुरुषाच्या मापाने मोजले. मंडळीच्या उतरत्या काळाचा सर्व दोष पुढे अनेकांनी या बाईंच्या माथी मारला. कंपनीचे कर्ज व बोलपटाची चढती लाट ही कारणे त्याआधीपासून उघड दिसत होती. पण आरोपी स्त्री असली की पुराव्याची छाननी सैल होते, हा आमचा न्यायालयातील अनुभव रंगभूमीलाही लागू पडतो.

ज्यांना पुरुषांच्या मंडळीत प्रवेश नव्हता, त्या स्त्रियांनी आपल्या निराळ्या मंडळ्या काढल्या, ही गोष्ट आज फार थोड्यांस ठाऊक असते. सातारकर स्त्री संगीत मंडळी ही त्यांपैकी एक. यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. गोव्यातील कुर्डीच्या मोगूबाई लहान वयात आईचे बोट धरून नाटक कंपनीत आल्या व पुढे सातारकर मंडळीत होत्या. हिराबाई बडोदेकरांनी आपली स्वतःची मंडळी चालविली; ती बुडाली, तेव्हा कर्ज त्यांनी गाण्याच्या बैठकी करून फेडले. नागरत्नम्मा यांनी १९५८ साली स्त्री नाटक मंडळी स्थापन केली आणि कंस-रावणांच्या भूमिका स्वतः गाजविल्या.

मोगूबाई आणि हिराबाई यांच्या चरित्रांपाशी आम्ही बराच काळ थांबलो. दोघींनीही रंगभूमी सोडली व त्या मैफिलीकडे वळल्या. तेथे त्यांचे काय झाले? वय वाढले तसा मान वाढला. हिराबाईंस १९७० साली व मोगूबाईंस १९७४ साली पद्मभूषण मिळाले. मोगूबाई २००१ पर्यंत जगल्या आणि अखेरपर्यंत गुरुस्थानी राहिल्या. आमच्या हुमनाबादेजवळ माणिकनगर आहे. श्रीमाणिकप्रभूंच्या दरबारापासून तेथे गाण्याची परंपरा चालत आली आहे. तेथील उत्सवात गाणे ऐकावयास बसलेला श्रोता पिकलेल्या आवाजापुढे डोळे मिटून घेतो. गायिकेच्या बाबतीत वय ही साधना ठरते. तीच बाई मुखास रंग लावून उभी राहिली तर मात्र वय हा दोष ठरतो. कान पिकलेल्या आवाजास मान देतात आणि डोळे देत नाहीत. म्हणजे दोष कलेचा नाही, पाहणाराचा आहे. रंगभूमी सोडली म्हणून या दोघी थोर वयापर्यंत थोर राहिल्या, असे म्हणावे लागणे हीच मोठी खंत आहे.

ज्यांनी सोडली नाही, त्यांत कमलाबाई गोखले होत्या. फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुरा’त १९१३ साली त्या व त्यांच्या मातोश्री दुर्गाबाई कामत, दोघी पडद्यावर आल्या, भारतीय चित्रपटातील पहिल्या स्त्रिया त्या याच. कमलाबाईंस ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी लहान मुले. त्यांनी रंगभूमीवर मिळतील ती कामे केली. पुरुषांच्या भूमिकाही केल्या. नटाची विधवा झालेल्या नटीस दुसरा कोणता आश्रय होता? रीना मोहन यांनी कमलाबाईंवर जो लघुपट केला, त्यात नव्वदीच्या घरातील ही बाई जुने संवाद ज्या तडफेने म्हणते, ते पाहून ‘वय झाले’ या शब्दांचा अर्थ पुन्हा तपासावासा वाटतो.

१९३३ साली नाट्यमन्वंतराने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक पुरुष नटांच्या बरोबरीने उभ्या राहिल्या. ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या, म्हणजे आपल्या देवळांच्याच प्रदेशातल्या. त्या वेळी त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. पुढे १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ नाटकात त्यांनी भानुमतीचे काम केले. ही भानुमती चित्रपटात काम करणारी कुलस्त्री आहे, आणि त्यावरूनच घरात वादळ उठते. मनुस्मृतीच्या अपवादाने आखलेली रेषा त्या नाटकाने घराच्या उंबऱ्यात आणून ठेवली.

येथे आमच्या वाचकांशी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. आपल्यापैकी पुष्कळजण देवस्थानांच्या समित्यांवर आहेत. उत्सवात नाटक ठेवावयाचे तर बाहेरगावची नटी ठरविली जाते, आणि त्या बैठकीत पहिला प्रश्न ‘काम कसे करते?’ हा नसून ‘वय काय?’ हा असतो, हे आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहे. नायक आपल्याच गावचा असतो. त्याच्या मुलीचे लग्न झालेले असले तरी चालते. देवळाची जुनी नृत्यगायनसेवा ज्या स्त्रियांनी केली, त्यांच्या वाट्याला फार दुःख आले. लहान मुलीस तिच्या इच्छेविना वाहून टाकणारी ती चाल बंद करण्यासाठी म्हैसुरात १९०९ चा हुकूम, मुंबई इलाख्यात १९३४ चा व कर्नाटकात १९८२ चा कायदा झाला, आणि ते योग्यच झाले. आम्ही त्या चालीची तरफदारी करीत नाही. परंतु देवाची म्हणविलेल्या त्या स्त्रीस काही ठिकाणी म्हातारपणी इनामाचा तुकडा तरी होता. उत्सवाच्या रात्री नाटक करून पहाटेच्या गाडीने परत जाणाऱ्या नटीस काय आहे?

बोलपटाने ही रीत मोडली नाही, उलट तिचे भांडवल केले. १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’त नर्गिस यांनी सुनील दत्तांच्या आईची भूमिका केली. नर्गिस यांचा जन्म १ जून १९२९ चा, आणि या मुलाचा ६ जून १९२९ चा. नर्गिस यांचे ते काम अजोड आहे आणि कथाच तरुणपणापासून वार्धक्यापर्यंतची आहे, म्हणून त्याविषयी आमची तक्रार नाही. ती खरीखुरी विरूपा भूमिका होय. तक्रार आहे ती १९७० सालच्या ‘जॉनी मेरा नाम’सारख्या चित्रपटांविषयी. त्यात सुलोचनाबाई आई झाल्या. या बाई चिकोडीजवळच्या खडकलाटच्या, आमच्यासारख्याच सीमाभागातल्या, आणि एके काळी मराठी चित्रपटांच्या नायिका. त्यांचा जन्म १९२८ चा. देव आनंद यांचा १९२३ चा व प्राण यांचा १९२० चा. पाच आणि आठ वर्षांनी वडील असलेल्या दोन पुत्रांची ही माता! आणि देव आनंदांची नायिका हेमा मालिनी, जन्म १९४८. नायक सत्तेचाळीस वर्षांचा, त्याची आई बेचाळीसची, त्याची प्रेयसी बावीसची. आमच्या जत्रेतल्या तंबूचा हिशेब मुंबईच्या चित्रनगरीहून काही निराळा नव्हता.

तमाशाकडे पाहावे तर तेथे तर सोसण्याची परिसीमा होते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी बाळंतपणाच्या वेणा सोशीत बोर्डावर नाचून, मागे जाऊन मुलास जन्म दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. आम्हांस तिच्यात कौतुकाहून भय अधिक वाटते. त्या रात्री खेळ थांबवावा, असे कोणास वाटले नाही, ही त्या कथेतील मुख्य हकीकत आहे.

कायदा या सर्वांत काय करतो? संविधानाचे पंधरावे कलम लिंगावरून भेद करण्यास राज्यसंस्थेस मनाई करते. वयाचा उल्लेख त्यात नाही, आणि खासगी कंपनीचा मालक त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला आला. पुरुष पर्सर अठ्ठावन्न वर्षांपर्यंत नोकरीत राहत. या स्त्रियांस मात्र पस्तिसाव्या वर्षी, अथवा चार वर्षांच्या आत लग्न झाल्यास, अथवा पहिल्या गरोदरपणी घरी जावे लागे. गरोदरपणाची अट न्यायालयाने रद्द केली व मुदतवाढ देण्याचा व्यवस्थापकाचा अनिर्बंध अधिकारही काढून घेतला. परंतु पुरुष व स्त्रिया हे दोन निराळे वर्ग आहेत, असे म्हणून वयातील मूळ भेद उचलून धरला. या निकालाचा तो भाग आम्हांस कधीच पटला नाही. २०१४ साली चारू खुराना यांच्या खटल्यात न्यायालय अधिक पुढे गेले. चित्रपटात स्त्रीने केस बांधावेत, रंगभूषा मात्र पुरुषानेच करावी, अशी मुंबईच्या संघटनेची अर्धशतकाहून अधिक काळची रीत होती. ती न्यायालयाने मोडून काढली. म्हणजे तोवर नटीच्या मुखावर तारुण्य वा वार्धक्य रेखाटण्याचा अधिकारही नियमाने पुरुषाचाच होता! २०१३ चा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाविरुद्धचा कायदा नाटकाच्या तंबूसही लागू आहे, दहाहून कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार करता येते. पण भटक्या कंपनीतली बाई कोणत्या जिल्ह्याकडे जाणार? केरळात न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९ च्या अखेरीस सरकारला सादर झाला आणि लोकांपुढे यावयास २०२४ चा ऑगस्ट उजाडला. सुशिक्षित, नामांकित नट्यांच्या तक्रारींस पावणेपाच वर्षे लागतात, तेथे जत्रेतल्या नटीची कथा काय?

बाईंच्या अर्जाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. आम्ही प्रतिज्ञापत्र केले, सरकारी डॉक्टरांकडून वयाचा दाखला मिळविला. कंपनीचे मालक तेव्हा हयात होते. त्यांना स्वतःचे मासाशन केव्हाच सुरू झाले होते. बाई अमुक सालापासून कंपनीत होत्या, असे त्यांनी लिहून दिले. हस्तपत्रकातील वय खोटे होते, असे लिहून द्या म्हटल्यावर मात्र ते हसले व म्हणाले, ‘वकीलसाहेब, तेवढे लिहवून घेऊ नका. कंपनीचे नाव जाईल.’ बाईंनी कात्री मागितली. ती एक ओळ कापून टाकावी, असे त्यांचे म्हणणे. पुराव्याच्या कागदास हात लावता येत नाही, असे समजावून आम्ही ते हस्तपत्रक जसेच्या तसे अर्जास जोडले. कचेरीत ते कोणी वाचले नसावे, कारण आठ महिन्यांनी मासाशन मंजूर झाले.

बाई त्यानंतर पाच वर्षे होत्या. दर जत्रेस त्या येऊन जात आणि दर वेळी एकच विचारीत, की ते हस्तपत्रक परत मिळेल काय? त्यांच्याजवळ तरुणपणीचे दुसरे चित्र नव्हते. आम्ही तीन अर्ज केले. ते अजून नस्तीतच आहे.